इंडिजिनस स्टुडंट सेंटरला कोऑर्डिनेटर म्हणून लागलेय (कॅनडा), कार्यक्रम जमतील पण बाकीचं कसं करू?

गोठलेली_करंजी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचते, लिहायची पहिलीच वेळ, लांबण लागली तर सांभाळून घ्या. मी कॅनडात प्रेअरीच्या भागात, ट्रीटी ६ च्या (मूळनिवासींनी सरकारशी १८७६ ला केलेला करार) जमिनीवर राहते. एका युनिव्हर्सिटीत पाच वर्षं ॲडमिशनच्या काउंटरवर होते आणि या ऑगस्टपासून तिथल्याच इंडिजिनस (म्हणजे इथल्या मूळनिवासी मुलांच्या) स्टुडंट सेंटरला कोऑर्डिनेटर म्हणून आलेय. पोस्ट एकच वर्षाची आहे, जिची मूळ जागा ती क्री (इथला एक मूळनिवासी समाज) मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेलीय. अर्धं काम कार्यक्रमांचं आणि अर्धं सपोर्टचं, म्हणजे इमर्जन्सी फंड, ट्युटर लावून देणं, फूड शेल्फ (गरजूंसाठी फुकट किराणा), एल्डरना (समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्यांना) भेटायच्या वेळा, भाड्याच्या घरांची भानगड, असलं सगळं.

पहिल्याच दिवशी सेकंड इयरच्या एका मुलाने विचारलं तू इंडियन का, मी म्हटलं हो, तर तो हसला आणि पाकिटातून कार्ड काढून दाखवलं, म्हणे मीपण, सरकारी शिक्क्यासकट. खरंच होतं, इथला १८७६ चा इंडियन ॲक्ट अजून त्याच नावाने चालू आहे आणि त्या कायद्याखाली नोंद असलेल्यांना जे स्टेटस कार्ड मिळतं त्यावरही इंडियनच छापलेलं असतं. म्हणजे कोलंबसाने केलेला घोळ आम्ही दोघं अजून निस्तरतोय.

तर प्रश्न असा. बॉसचं म्हणणं, तू दिवाळी नाइट छान केली होतीस, हेही तसंच. आता दिवाळी नाइट म्हणजे समोसे, डीजे आणि वर्गणी, त्यात चुकून चुकणार काय, फार तर चटणी कमी पडेल. इथे ३० सप्टेंबरचा ऑरेंज शर्ट डे डोक्यावर आलाय, जानेवारीत राउंड डान्स, मार्चमध्ये पाववाव, म्हणजे ढोल-नाचाचा मोठा मेळावा (हो, नावात वाव असला तरी माझ्यासाठी अजून काहीच नाहीये). एल्डरना बोलवायचं कसं, काय द्यायचं, कोणाला आधी विचारायचं, काही म्हणजे काही माहीत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त छळतेय. ऑगस्टच्या शेवटी वेलकम बार्बेक्यू झाला, सत्तर-ऐंशी पोरं आली. त्यानंतर मी रोज दोन ते चार 'सपोर्ट अवर्स' ठेवले, दारावर पाटी लावली, ईमेल टाकले, तीन आठवड्यांत आले किती तर दोन, त्यातला एक प्रिंटर कुठाय विचारायला. फंडात पैसे पडून आहेत आणि मुलं अडचणीत आहेत हे मला ॲडमिशनच्या दिवसांपासून माहीत आहे. मग येत का नाहीत? कोणी असं काम केलं असेल तर सांगा प्लीज.

जुनं_खोड

अगं करंजी, मी मॅनिटोबात नऊ वर्षं हेच केलं, आता रिटायर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहून ठेवलंयस, बार्बेक्यूला ऐंशी आणि पाटी लावलेल्या दाराला दोन. दार बंद कर आणि भांडं चुलीवर ठेव, सूपचं.

मी थट्टा करत नाहीये. ऑफिसात जाऊन समोरच्या खुर्चीत बसायचं, फॉर्म भरायचा, माझ्याकडे पैसे नाहीत हे अनोळखी बाईला सांगायचं, हे कोणालाही जड जातं. इथे तर त्या खुर्चीच्या मागे दीडशे वर्षं उभी आहेत. ज्यांच्या आज्याकडून सरकारी माणसाने फॉर्मवर अंगठा घेऊन पोरं नेली त्यांच्या नातवाला तू म्हणतेस ये, फॉर्म भर. तो नाही येणार. आम्ही दर बुधवारी दुपारी सूप आणि बॅनक (त्यांची जाड रोटी) ठेवायला लागलो, एक एल्डर आजी कोपऱ्यात मणी ओवत बसायच्या, मी भांडी घासायची. भांडी घासायला कोणीतरी शेजारी येऊन उभं राहतंच, आणि सिंकपाशी दोघांचीही नजर पाण्यात असते तेव्हा माणूस बोलतो. निम्मे इमर्जन्सी फंड मी ओल्या हातांनी मंजूर केलेत. तेव्हा कार्यक्रम वेगळे आणि सपोर्ट वेगळा ही जी जॉबच्या कागदावर फाळणी केलीय ना, ती मनातून काढ.

आता एल्डर. ईमेलने बोलवायचं नाही, कॅलेंडर इन्व्हाइट तर मुळीच नाही. प्रेअरीवर साधारण रीत अशी की स्वतः जायचं, तंबाखू द्यायचा, काही ठिकाणी कापडही, आणि काय मागणं आहे ते तोंडाने सांगायचं. त्यांनी तंबाखू हातात घेतला की होकार. ही फी नव्हे. आपल्याकडे कार्य काढलं की पहिली अक्षत देवापुढे ठेवून मग गावाला आमंत्रण देतो ना, त्या जातीचं आहे ते. मानधन वेगळं, ते नंतर, आणि तेही द्यायचंच. पण हे सगळ्यांना सरसकट लावू नकोस. इनुइट, म्हणजे पार उत्तरेकडच्या समाजातले, एल्डर असतील तर तंबाखूची ती रीत त्यांची नाही, त्यांच्याकडे कुल्लिक म्हणजे सीलच्या तेलाचा दिवा लावतात. मेटींचं (मूळनिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशाचा समाज) आणखी वेगळं. डेने या दुसऱ्याच समाजाच्या मुलांना प्रत्येक वेळी क्री पद्धत दाखवून ही तुमची संस्कृती म्हणायचं म्हणजे मालवणी माणसाला नागपुरी सावजी वाढून घ्या तुमच्या घरचं जेवण म्हणण्यासारखं. विचारायचं. कुठली रीत, कोणाकडून, दर वेळी विचारायचं, लाज वाटू देऊ नकोस, न विचारता केलेलं जास्त खुपतं.

स्मजिंग. सेज, स्वीटग्रास असल्या वनस्पती जाळून धूर घेतात. बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्यांना आधी लेखी कळव, त्यांना त्या खोलीचा स्मोक डिटेक्टर पॅनलवरून बंद ठेवावा लागतो. मी पहिल्या वर्षी विसरले. उणे तीस, अख्खी बिल्डिंग बाहेर, कोणी एक हातमोजा घालून कोणी कोटाशिवाय, दोन बंब आले, आणि आमचे एल्डर पातळ मोकॅसिनमध्ये (चामड्याचे मऊ जोडे) बर्फात उभे. मी रडायच्या बेतात होते. ते म्हणाले, बरं झालं, आज इंजिनिअरिंगवाल्यांनाही स्मज मिळाली.

३० सप्टेंबर ही जत्रा नाहीये, एवढं एक पक्कं धर. केशरी टीशर्ट वाटले, फोटो काढले, डीनचं भाषण झालं, असं करू नकोस. फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या होत्या, १९७३ साली, आजीने घेतलेला नवा केशरी शर्ट घालून रेसिडेन्शियल शाळेत (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायच्या त्या निवासी शाळा) गेल्या आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत मिळालाच नाही. २०१३ पासून हा दिवस पाळतात आणि सप्टेंबर अशासाठी की त्याच महिन्यात मुलांना घरातून नेत. २०२१ पासून फेडरल सुट्टी. दीड लाखाच्या आसपास मुलं त्या शाळांत गेली आणि तुझ्या शेजारी सस्कॅचेवानमधली गॉर्डन्सची शाळा बंद झाली १९९६ ला. शहाण्णव! म्हणजे तुझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप, पणजोबा नव्हेत. त्या दिवशी कुठल्याही विद्यार्थ्याला माइक देऊन तुझ्या घराची गोष्ट सांग म्हणायचं नाही. एक शांत खोली ठेव, एल्डर असू देत, कौन्सेलर असू दे, चहा ठेव. निम्मी मुलं येणारच नाहीत, घरी असतील. त्यांना न येण्याची मुभा देणं हाही कार्यक्रमच.

राउंड डान्स आणि पाववावबद्दल रात्री लिहिते, नातू उठला.

रोखठोक_राव

गैरसमज करून घेऊ नका, पण एक कळत नाही. यांना शिक्षण फुकट, टॅक्स माफ, वर वेगळं सेंटर, वेगळा फंड. आपली पोरं इंटरनॅशनल फी भरून, पिझ्झा डिलिव्हर करून शिकतात, त्यांच्यासाठी कुठे सूप शिजतंय? आणि एवढं मिळूनही सपोर्टला येत नाहीत म्हणजे गरज नसेल.

ताळेबंद

रोखठोकराव, मी एका युनिव्हर्सिटीच्या फायनान्समध्ये आहे, हा फुकटचा हिशोब माझ्या टेबलावरून जातो म्हणून सांगतो. फर्स्ट नेशन्सच्या (इनुइट आणि मेटी सोडून बाकीचे मूळनिवासी समाज) मुलांसाठी फेडरल सरकारचा उच्चशिक्षणाचा कार्यक्रम आहे खरा, पण पैसा विद्यार्थ्याला जात नाही, बँडकडे जातो, म्हणजे त्या त्या फर्स्ट नेशनच्या प्रशासनाकडे, आणि तो सगळ्यांना पुरत नाही, मग बँडला ठरवावं लागतं यंदा कोणाला आणि कोण वेटिंगवर. ज्यांना स्टेटस नाही ते त्यात बसतच नाहीत. इनुइट आणि मेटींच्या योजना वेगळ्या. टॅक्सचं म्हणाल तर ती सूट मुख्यतः रिझर्व्हवरच्या (फर्स्ट नेशन्ससाठी राखून ठेवलेल्या जमिनी) कमाईला आहे, शहरात पार्टटाइम काम करणारा मुलगा तुमच्या-माझ्यासारखाच टॅक्स भरतो. आणि ट्रीटीत माणशी वर्षाला ५ डॉलर ठरले होते, १८७६ ला, ते आजही ५ डॉलरच मिळतात, महागाई भत्ता नाही. तुम्ही ज्याला फुकट म्हणताय तो जमिनीच्या बदल्यात केलेला करार आहे आणि घेणाऱ्याने आपला भाग केव्हाच वापरून टाकलाय.

अजून एक, १८७६ च्या मूळ कायद्यात असं होतं की जो इंडियन युनिव्हर्सिटीची डिग्री घेईल, किंवा वकील, डॉक्टर, पाद्री होईल, त्याचं स्टेटस जाईल. शिकलास की तू तुझ्या लोकांतला राहिला नाहीस. पुढे ते बदललं, पण सुरुवात तिथून आहे.

करंजीताई, तुम्हाला कामाचं सांगतो. बँड ज्याची फी भरणार त्याचं स्पॉन्सरशिप लेटर आमच्याकडे यावं लागतं. ते सप्टेंबरात उशिरा आलं, किंवा स्टुडंट नंबरचा एक आकडा चुकला, की सिस्टिम आपोआप लेट फी लावते आणि अकाउंटवर होल्ड टाकते. होल्ड पडला की जानेवारीचे कोर्स घेता येत नाहीत, ट्रान्सक्रिप्ट मिळत नाही. मुलाला वाटतं आपल्याला काढलं, तो गपचूप घरी निघून जातो. मी असे किमान चार पाहिलेत आणि चारही वेळा पत्र फॅक्सच्या ट्रेमध्ये होतं (हो, फॅक्स, काही बँड ऑफिसं अजून फॅक्सच करतात, आणि आमचं मशीन कपाटामागे). तेव्हा स्पॉन्सरशिप बघणारी जी व्यक्ती फायनान्समध्ये असेल तिच्याशी मैत्री करा आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होल्डची यादी तुमच्याकडे येईल असं बघा. मूल यायची वाट बघू नका.

एल्डरांचं मानधन. आमच्यासारखे लोक इथे व्हिलन असतात, कबूल करतो. नेहमीच्या पद्धतीने गेलात तर व्हेंडर फॉर्म, सोशल इन्शुरन्स नंबर, बँकेचा रद्द चेक, मग महिन्याभराने पैसे. पंचाहत्तरीच्या माणसाने तीन तास गाडी चालवून यायचं, प्रार्थना करायची आणि त्याला आपण फॉर्म देतो. बऱ्याच ठिकाणी आता एल्डरांसाठी वेगळी पॉलिसी आहे, त्याच दिवशी पाकीट हातात. तुमच्याकडे आहे का ते आधी शोधा. नसेल तर कार्यक्रमाच्या चार आठवडे आधी ॲडव्हान्स काढून ठेवा. पेट्रोल आणि हॉटेल मानधनातून कापू नका, ते वेगळं.

रोखठोक_राव

५ डॉलरचं माहीत नव्हतं. बाकी मतं तशीच आहेत, पण सूपचं मागे घेतो.

सातपुड्याची

इथे सहसा लिहित नाही. मी पावरा आहे, नंदुरबारकडची, सध्या ओंटारिओत पीएचडी. करंजीताई, गर्दी मोजू नका एवढंच सांगायचंय.

मी आश्रमशाळेत आणि नंतर वसतिगृहात वाढले. पाहुणे येणार म्हटलं की आम्हाला बाहेर काढायचे, ढोल, लाल फेटे, चांदीचे दागिने, नाचा. साहेब फोटो काढून जायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं 'आदिवासी संस्कृतीचं दर्शन'. त्याच महिन्यात आमची स्कॉलरशिप अडकलेली असायची आणि मेसवाला उधारी देत नसायचा. आम्हाला नाचायला आवडायचं हो, घरी होळीला रात्रभर नाचतोच. पण ते कोणाला दाखवायला नाही.

इथे आल्यावर एका अनिशिनाबे मैत्रिणीने मला तिच्या रिझर्व्हवरच्या पाववावला नेलं. ती म्हणाली युनिव्हर्सिटीच्या पाववावला मी नाचत नाही, तिथे मला ब्रोशरसारखं वाटतं. दोघी एकदम हसलो. तुमच्या पाववावच्या पोस्टरवर कोणाचा फोटो आहे आणि त्याला विचारलं होतं का, हे आधी बघा.

गोठलेली_करंजी

सातपुड्याची, हे वाचून उठले आणि पोस्टर उघडून बघितलं. गेल्या वर्षीच्या फोटोतली मुलगी आता फायनल इयरला आहे, तिला विचारलं, ती म्हणाली मला कळलंच नव्हतं, बस स्टॉपवर स्वतःला बघितलं तेव्हा कळलं. काढून टाकलंय. थँक्यू.

खोडआजी (आजी म्हटलं तर चालेल ना? नातू आहे म्हणालात), अजून एक नाजूक शंका. एका सोहळ्याच्या सूचनेत लिहिलंय की मून टाइमवर असलेल्या बायकांनी आत येऊ नये. मी तीन वेळा वाचलं. माझ्या आजीने मला चार दिवस बाहेर बसवलंय, मी भांडून ते बंद पाडलंय घरात. आता मीच ही सूचना माझ्या सहीने पाठवू?

जुनं_खोड

आजीच म्हण, खोडापेक्षा बरं.

मलाही ते वाचून आपला कावळाच आठवला होता. मग एका बाई एल्डरनाच विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्यात ती विटाळ नाही, ताकद आहे, त्या दिवसांत बाई स्वतःच सोहळा असते आणि दोन ताकदी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून लांब. मला पटलं का, पूर्ण नाही. आणि गंमत म्हणजे त्यांच्यातल्याच तरुण मुलींमध्येही यावरून वाद आहेत, काही म्हणतात ही आमची शिकवण, काही म्हणतात यात चर्चची भेसळ झालीय. तो वाद त्यांचा आहे, तू त्यात पंच नाहीस, मीही नाही. तुझं काम एवढंच की सूचना एल्डरांच्या शब्दांत जाऊ दे, कोणी दिली ते लिहून, आणि ज्या मुलीला आत जायचं नाही तिला बाहेर कोणी का म्हणून विचारणार नाही अशी व्यवस्था कर. शेजारच्या खोलीत चहा आणि कोणीतरी बोलणारं असू दे.

आता राहिलेलं. राउंड डान्स हिवाळ्यातला, हातातले ढोल मधोमध आणि लोक हात धरून घड्याळाच्या दिशेने फिरतात. बरेचदा गेलेल्या माणसांसाठी असतो, त्यामुळे त्याला विंटर पार्टी म्हणून खपवू नकोस. आधी जेवण, त्याआधी प्रार्थना, मग गाणी, आणि ते मध्यरात्रीच्या पुढे जातं. युनिव्हर्सिटीची बिल्डिंग अकराला कुलूप! मी दोन वाजेपर्यंतची परवानगी काढली होती पण रात्रपाळीच्या गार्डला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने पावणेबाराला दिवे घालवले. गाणारे थांबले नाहीत, अंधारात चालू राहिलं, फार सुंदर होतं खरं तर, पण जिच्या भावासाठी तो राउंड डान्स होता ती आई दाराशी त्या गार्डला हात जोडत होती आणि ते मी विसरू शकत नाही. गार्डचा फोन नंबर घे. त्या रात्रीच्या गार्डचा, सुपरवायझरचा नाही.

गाणाऱ्यांना एकत्र सांभाळणारा जो असतो त्याला स्टिकमन म्हणतात, तो नीट मिळाला की तुझं अर्धं ओझं गेलं. तसंच पाववावला अरीना डायरेक्टर (रिंगण सांभाळणारा), एमसी (निवेदक) आणि होस्ट ड्रम (यजमान ढोल-गायकांचा गट), हे तिघं आधी ठरव, तेही तुझ्या मनाने नाही, कमिटी सांगेल त्याप्रमाणे. ग्रँड एंट्रीला (सुरुवातीची मिरवणूक) ईगल स्टाफ म्हणजे गरुडाच्या पिसांची काठी, झेंडे, माजी सैनिक पुढे, मग नाचणारे, सगळ्यांनी उभं राहायचं, टोप्या काढायच्या. कपड्यांना कॉस्च्यूम म्हणायचं नाही, रिगेलिया. न विचारता हात लावायचा नाही, फोटो नाही. गरुडाचं पीस खाली पडलं तर सगळं थांबतं, कॅमेरे बंद, ते उचलायची रीत असते, बहुतेक वेळा माजी सैनिक उचलतात, आणि लागेल तितका वेळ लागतो. तेव्हा हातात शेड्यूल घेऊन धावत जाणारी बाई तू होऊ नकोस. आमच्याकडे एक झाली होती.

तुझ्या वाट्याला काय येतं तर पार्किंग, पाणी, कपडे बदलायला आरसा असलेल्या खोल्या, लहान मुलांना झोपवायला कोपरा, वृद्धांसाठी टेकायच्या खुर्च्या आणि ड्रम ग्रुपचे पैसे रोख, त्याच रात्री. मला पहिल्या वर्षी वाईट वाटलं होतं की मी काहीच 'केलं' नाही, दिवसभर नुसते टॉयलेट पेपर बदलले. पण बघ, पॉटलॅच (पश्चिम किनाऱ्यावरचा दानाचा सोहळा) १८८५ पासून आणि नंतर प्रेअरीवरचे सोहळेही कायद्याने बंद होते, ते कलम गेलं १९५१ ला. माझ्या सूपवाल्या आजी लहान होत्या तेव्हा त्यांचे वडील काही सोहळे खिडकीला घोंगडी लावून करायचे. त्या आजी युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये भर दुपारी नाचताना बघितल्या आणि म्हटलं टॉयलेट पेपर तर टॉयलेट पेपर.

ताळेबंद

खोडआजींच्या लिस्टमध्ये एक जोडतो, येणाऱ्यांची नावं लिहून घेणारी वही. रिपोर्टसाठी डोकी मोजा, पण नावं, बँड, फोन असं काही गोळा करत असाल तर ते कशाला, कोण बघणार, आधी सांगा. फर्स्ट नेशन्सच्या माहितीची मालकी त्यांचीच, यावर इथे ओकॅप नावाची तत्त्वं आहेत, ती वाचा. फंड देताना कोणाकडे कार्ड आहे हे दारात तपासू नका. स्कॉलरशिपचं व्हेरिफिकेशन वेगळ्या कमिटीचं काम, सूपच्या भांड्यापाशी नाही.

गोठलेली_करंजी

(दोन महिन्यांनी.) मंडळी, अपडेट द्यायचं कबूल केलं होतं.

३० सप्टेंबर शांतपणे झाला, बॉसला बॅनर हवा होता, नाही लावला. बावीस माणसं आली. बुधवारचं सूप चालू आहे, माझं पहिलं सूप इतकं पांचट झालं की एका मुलाने घरून मिरपूड आणली आणि आजही ती डबी त्याच्याच नावाने आहे. होल्डची यादी मागितली, नऊ निघाले, त्यातल्या सहांची पत्रं आलेलीच होती, फक्त चढवली नव्हती. ताळेबंददादा, फॅक्स मशीन आमच्याकडेही कपाटामागेच आहे!

पण जे सांगायचंय ते दुसरंच. ऑक्टोबरात उत्तरेकडची एक मुलगी सिंकपाशी आली, पातेलं पुसत म्हणाली उद्यापासून मी नाहीये. मावशी गेली. मिडटर्म होती दोन दिवसांनी. मी म्हटलं अगं त्यासाठी फॉर्म आहे, काढला, तर त्यात लिहिलंय निकटचे कुटुंबीय, आणि कंसात आई, वडील, भावंड, जोडीदार, मूल. मावशी नाही. मला तिने सांगितलं क्रीमध्ये आईच्या बहिणीला निकावीस म्हणतात, म्हणजे छोटी आई, आणि तिला वाढवलंही त्याच मावशीने. मी नुसती बघत राहिले. माय मरो पण मावशी उरो म्हणणारी माणसं आपण, मला हा फॉर्म पाच वर्षं ॲडमिशनला असताना रोज दिसत होता आणि एकदाही त्यात मावशी शोधावी असं सुचलं नाही.

शिवाय जायचं कसं? गाडी नाही. सस्कॅचेवानची सरकारी बस २०१७ ला बंद झाली, ग्रेहाउंड २०१८ ला पश्चिमेतून गेली, तिचं घर सात तासांवर. इमर्जन्सी फंडातून पेट्रोलचे पैसे दिले आणि तिच्याच गावाकडचा एक मुलगा, तोही सूपवाला, गाडी घेऊन निघाला. त्यांच्याकडे जागरण कित्येक दिवस असतं, सगळं गाव स्वयंपाकाला, मुलगी आठवड्याने परत आली. दरम्यान मी परीक्षा विभागाशी भांडत होते. त्यांना मृत्यूचा दाखला हवा, नातं सिद्ध करणारा कागद हवा. शेवटी एल्डरांनी चार ओळींचं पत्र दिलं आणि प्राध्यापक बाईंनी स्वतःच परीक्षा पुन्हा घेतली, फॉर्म न बघता. फॉर्म अजून तसाच आहे. बदलायचा अर्ज केलाय, कमिटी फेब्रुवारीत बसते म्हणे, सोबत चार मुलांनी आपापल्या भाषेतले नात्यांचे शब्द लिहून जोडलेत, मीही शेवटी मावशी लिहून टाकलं, कोणी विचारलं तर बघू.

आता एक तातडीचा प्रश्न. ती मुलगी येताना कूलर भरून मूसचं (इथलं मोठं हरीण) मटण घेऊन आलीय, तिच्या मामाने दिलंय, सूपसाठी. पंधरा किलो तरी असेल. कॅम्पसच्या केटरिंगचा काँट्रॅक्ट म्हणतो बाहेरचं अन्न चालणार नाही, शिकारीचं तर नाहीच. मुलं बुधवारची वाट बघतायत. काय करू?

जुनं_खोड

केटरिंगवाल्यांना आत्ता फोन करू नकोस, ते नाही म्हणतील आणि मग ते लेखी होईल. आधी हेल्थ इन्स्पेक्टरला फोन कर, पारंपरिक जेवणाला शिकारीचं मटण चालवायचे त्यांचे नियम काय ते विचार, बहुतेक कोणी मारलं, कुठे कापलं, कसं साठवलं हे लिहून मागतील आणि बाकीच्या मांसापासून वेगळं ठेवायला सांगतील. ते पत्र हातात आलं की केटरिंगकडे जा. या बुधवारी जमलं नाही तर पुढच्या. तोवर फ्रीजरमध्ये टाक आणि वर मोठ्या अक्षरांत लेबल लाव, तारीख आणि मामाचं नाव. आमच्याकडे एकदा बायोलॉजीवाल्यांनी सँपल समजून नेलं होतं.